उलटीला शुद्धी म्हणणाऱ्यांनो

चवथीच्या तयारीच्या गडबडीत आमच्या घरच्या ग्रुपवर आत्यानं एक मेसेज टाकला. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना 'डॉक्टर सांगत नाहीत ते सत्य': व्हिटॅमिनच्या गोळ्या हा कंपन्यांचा धंदा, त्यांनी वजन परत चढतं आणि मूतखडे होतात. नाचणीचं तिजण, पेज, तांबडी भाजी खा, सगळं मिळतं. आणि उलट्या झाल्या तर घाबरू नका, शरीर शुद्ध होतंय. खाली हात जोडलेल्यांची रांग.

डिचोलीच्या आमच्या वहिनीची स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढायची शस्त्रक्रिया, होऊन चार महिने झालेत. मी गेले तेव्हा गोळ्यांचा सात खणांचा डबा फ्रिजवर होता, आणि एकही खण रिकामा नव्हता. पाच दिवस ती ओकत होती. दादालासुद्धा बोलली नव्हती. मला म्हणाली, "आत्यांनी पाठवलंय ना, बरं असतं म्हणून."

म्हणून उलटीपासूनच सुरुवात करते. बी-१, म्हणजे थायमिन, शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच साठून असतं. चमचा-चमचा खाणारा माणूस तेही ओकायला लागला की साठा संपतो. मग एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. त्यातच कुणी नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही जळून जातं. म्हणून दवाखान्यात पाय ठेवतानाच शस्त्रक्रियेचं सांगायचं, थायमिन आधी द्यायला लावायचं. शुद्धी म्हणे! ज्यानं हे लिहिलं त्याला एक दिवस वहिनीच्या बाथरूमबाहेर उभं करावं.

आता तिजण. नाचणीत कॅल्शियम भरपूर, हे मान्य. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम. पण वाटीभर तिजणात नाचणी किती पडते? २५-३० ग्रॅम. म्हणजे हातात आले शंभरेक मिलिग्रॅम. अमेरिकन सोसायटी फॉर मेटाबॉलिक अँड बेरिॲट्रिक सर्जरी या तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्लीव्ह आणि जठराच्या बायपासवाल्यांना रोज १२०० ते १५०० सांगितलंय. बारा-पंधरा वाट्या तिजण कोण खाणार? जिच्या जठराचा तीन चतुर्थांश भाग कापून काढलाय ती? पाळी येणाऱ्या बाईला लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम लागतं, तेही तिथंच लिहिलंय. पेजेचं तर नावच काढू नका. साठ ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जायला हवीत तिथं पेजेनं नुसती जागा अडते.

"आम्ही मासे खातो, आम्हाला काय होतंय" हे ग्रुपवरच्या एका काकांचं. तिसऱ्यांत बी-१२ चांगलं असतं, खरं आहे. पण ते माशापासून सुटायला आम्ल लागतं आणि आतड्यात शोषलं जायला जठरातच बनणारा एक घटक लागतो. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही कमी झालेत. त्यात श्रावणभर घर शिवराक, म्हणजे मासे बंद. यकृतात साठा असतो, म्हणून एक-दोन वर्षं काहीच जाणवत नाही. मग तळपायांना मुंग्या येतात, आणि उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येतंच असं नाही.

वजन चढतं याला उत्तर देत बसत नाही. त्या गोळ्यांत कॅलरी असतात कुठे?

मूतखड्याचं मात्र निम्मं खरं आहे, नाइलाजानं कबूल करते. बायपासनंतर ऑक्झलेट या क्षाराचे खडे वाढतात. पण जेवणासोबत घेतलेलं कॅल्शियम ते ऑक्झलेट आतड्यातच अडवतं. आणि ऑक्झलेट ठासून भरलेलं असतं कशात? या मेसेजच्या लाडक्या तांबड्या भाजीत. कॅल्शियम मात्र सायट्रेटचं घ्यावं, त्याला आम्ल लागत नाही. आणि लोहाच्या गोळीत नि त्यात दोन तासांचं अंतर ठेवावं. चहाही लोहाच्या गोळीपासून लांबच.

वहिनीला त्याच संध्याकाळी थायमिनचं इंजेक्शन मिळालं. रक्ततपासणीही केली, सहा महिन्यांनी परत आहे, मग दरवर्षी.

आत्यानं मेसेज अजून काढलेला नाही. शनिवारी तिच्याकडे गणपतीवरची माटोळी बांधायला जायचंय. तिचे हात सुंभात गुंतले की फोन मी घेणार.