जागतिक बँकेचं कर्ज पाहिजे? मग आधी हे वाचा

दोन जुने यंत्रमाग काढून एक नवीन जॅकार्ड (नक्षी विणणारा माग) टाकावा म्हणून एका पतसंस्थेत (नाव घेत नाही, परत त्याच दारात जायचंय) फाईल टाकली. कोटेशन, उतारा, दोन जामीनदार, जुन्या कर्जाचा नील दाखला, सगळं. फाईल नामंजूर झाली का? नाही. मंजूर? तेही नाही. मीटिंगला विषयच आला नाही म्हणे. संचालकांच्या वाढदिवसाचं डिजिटल बॅनर सात रस्ता चौकात लावणाऱ्याचं मात्र आठवड्यात झालं.

तेव्हाच ठरवलं, आता पतसंस्थेत जीव घालवायचा नाही, थेट जागतिक बँक. तिकडं कसं, निकष असतात, तज्ज्ञ असतात, सगळं गुणवत्तेवर चालतं. तुम्हीपण एखादा गरीब देश असाल आणि कर्जाची नड असेल तर चार गोष्टी ऐकून ठेवा.

पहिली गोष्ट, हिशेब समजून घ्या. तिथं प्रत्येक देशाला सारखं मत नसतं, भांडवलाप्रमाणं असतं. अमेरिकेकडं १६ टक्क्यांच्या आसपास, आणि बँकेच्या घटनेत बदल करायला ८५ टक्के लागतात. करा वजाबाकी. अध्यक्ष १९४६ पासून अमेरिकेचाच. आत्ताचे अजय बंगा जन्मानं आपल्या खडकीचे, पण म्हणून पेढे वाटू नका, नागरिकत्व अमेरिकेचं आहे आणि नाव बायडेननी सुचवलं होतं. मनिलाच्या एडीबीत, म्हणजे आशियाई विकास बँकेत, १९६६ पासून अध्यक्ष जपानीच. बिनविरोध म्हणा की.

सुरक्षा परिषदेत दोन वर्षांची तात्पुरती खुर्ची पटकवा. खुर्चीवर असलेल्या देशांना बँकेचे प्रकल्प जास्त मिळतात, हे अभ्यासकांनी आकडे लावून दाखवलंय. तुमची गरिबी त्या दोन वर्षांत जास्त उठून दिसते, दुसरं काय.

अणुबाँब फोडू नका. मे १९९८ ला आपण पोखरणला फोडले आणि जी-सातवाल्या श्रीमंत देशांनी ठरवलं, मानवी गरजांपुरतं कर्ज द्या, बाकीचं थांबवा. विजेची कर्जं लटकली. वीज ही काय मानवी गरज नाही, हे आम्हा मागवाल्यांना कधीच कळलं होतं म्हणा.

शेजारी सांभाळा. २००९ ला अरुणाचलच्या पूरनियंत्रणाचं काम एडीबीकडं होतं, चीननं हरकत घेतली, अडकलं. पुराला काय, तो हरकत बघून थोडाच येतो.

निवडणूक जिंकायच्या आधी वॉशिंग्टनला विचारून घ्या. चिलीत १९७० ला समाजवादी आयेंदे निवडून आले, तांब्याच्या खाणी सरकारजमा केल्या, नवीन कर्ज बंद. १९७३ ला लष्करानं त्यांना उलथवलं, पिनोशे आले आणि काही महिन्यांत कर्ज परत चालू. आधी बंद का, तर कारण सांगितलं, देशाची पत नव्हती. आणि गंमत म्हणजे बँकेच्या घटनेत, कलम ४, पोटकलम १० मध्ये स्पष्ट लिहिलंय की कर्ज देताना फक्त आर्थिक बाबी बघायच्या, राजकारण आणायचं नाही, आणि त्यामुळंच राजकारण कुणी बोलून दाखवत नाही, नाही म्हणायचं नसतंच, फाईल बोर्डापुढं आणायचीच नाही म्हणजे मतदानाचा प्रश्न येत नाही, सगळं एकमतानं. व्हिएतनामचंच बघा, ज्या मॅकनमारांनी अमेरिकेचे संरक्षणमंत्री असताना तिथलं युद्ध चालवलं तेच पुढं बँकेचे अध्यक्ष, आणि गरीब देशांना जवळपास बिनव्याजी कर्ज देणारी जी आयडीए, तिचा पैसा दर तीन वर्षांनी श्रीमंत देशांकडं मागायचा असतो, अमेरिकेची संसद म्हणाली व्हिएतनामला देणार असाल तर हात आखडता घेऊ, तर १९७९ ला या माणसानं लेखी देऊन टाकलं की व्हिएतनामला नवीन कर्ज देणार नाही. लेखी! इतक्या देशांची बँक, आणि एका देशाच्या संसदेला पत्र लिहून तिसऱ्याचं पाणी तोडलं. ठराव नाही, नामंजुरीचा शेरा नाही. विषयच आला नाही. हे वाक्य मी पतसंस्थेच्या काउंटरवर ऐकलंय हो, त्या पोरीनं मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं.

जागतिक बँकेत सगळं गुणवत्तेवर चालतं म्हणणाऱ्यांनी गप बसावं. ज्याचा पैसा त्याचा शब्द, एवढं तरी उघड कबूल करा, वर निकष निकष काय करताय.

आणि पतसंस्थेचे सभासदहो, तुम्ही काय हसताय? बांगलादेशाचं तिथलं मत एक टक्कासुद्धा नाही, तो ओरडून ओरडून काय करणार. तुमचं काय बे? सहकारात माणशी एक मत आहे, शेअर शंभराचा असो की दहा लाखाचा. तरी मागचं पॅनेल बिनविरोध, आणि फटाके तुम्हीच उडवले. वार्षिक सभेत अहवाल हातात दिला तो कुणी उघडला? स्टीलचा डबा घेतला, मंजूर मंजूर ओरडलात आणि जेवायला पळालात. संचालकांच्या पाव्हण्यांकडं थकबाकी किती, एवढं विचारायला काय कुणाच्या बापाची भीती आहे?

यंदा सभेची नोटीस आली की रद्दीत टाकू नका. थकबाकीदारांची यादी लेखी मागा. आणि मी मागायला उभा राहिलो की "बस की रे, जेवण गार व्हायलंय" म्हणत मागून माझा शर्ट ओढू नका.