दुतोंड्या मास्तर

शाळेचा स्लॅब गळतोय, दुरुस्तीसाठी आठवडाभर शाळा बंद, असा निरोप रविवारी रात्री ग्रुपवर आला तेव्हा मी वरणभात कालवत होतो. त्या भरात बोलून गेलो, "मग त्यात काय? आठवडाभर मी शिकवतो. शाळेत तरी काय वेगळं करतात?"

बायकोचा वाढणारा हात थांबला. आई पापड मोडत होती, तीही थांबली. आईबद्दल इथेच सांगायला हवं. सुरगाणा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती ३१ वर्षं शिक्षिका होती. खोली एक, वर्ग पहिली ते चौथी. तिच्यासमोर मी हे बोललो होतो. ती नुसतं "पापड घे" म्हणाली.

बायको बँकेत. तिला रजा मिळणं कठीण, माझी रजा वाया चाललेली. मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे वर्षभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो. मास्तर व्हायला याहून वेगळं काय लागतं, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. त्यात नाशिककर असल्याचा माज. आपल्या गावात १९८९ साली मुक्त विद्यापीठ निघालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. म्हटलं, गंगा घरापर्यंत आलीच आहे, तिसऱ्या मजल्यावर चढवायला आपली एक मोटर पुरे.

विद्यार्थी तीन. थोरली आठवीत, मधला तिसरीत, धाकटी मोठ्या शिशूत. रात्री जागून मी एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं. थोरलीला निळा रंग, मधल्याला हिरवा, धाकटीला गुलाबी. धाकटीला गुलाबी नको होता आणि मधल्याला निळाच हवा होता. सोमवारची पहिली तासिका या तहात गेली.

देवघरातली घंटा वाजवून शाळा भरवली, हजेरी घेतली. थोरली म्हणाली, "पप्पा, आम्ही तिघंच आहोत. दिसतोय ना?" मी म्हटलं, "वर्गात सर म्हणायचं." त्यानंतर दिवसभर तिने मला काहीच म्हटलं नाही. दहाला दहा कमी असताना तिघांचे डबे संपले होते.

योजना तशी सोपी होती. थोरलीला बीजगणित द्यायचं, ती सोडवतेय तोवर मधल्याला जिल्ह्यातले तालुके, तो पाठ करतोय तोवर धाकटीला अंक. मी फ्रिजशेजारी टांगलेल्या पांढऱ्या फळ्याकडे वळलो, ए अधिक बी कंसाचा वर्ग लिहिला, त्याचा विस्तार केला, खाली दोन रेघा ओढल्या आणि मागे वळलो. वर्गात फक्त आई होती. गवार निवडत होती.

"कुठे गेली?"

"एक गॅलरीत, एक शूला, एक तुझ्या मोबाइलवर." दोन शेंगा मोडून झाल्यावर म्हणाली, "वर्गाकडे पाठ करू नये."

संध्याकाळी धाकटी आंघोळीच्या बादलीत हात घालून सुरात म्हणत होती, "ए स्क्वेअर प्लस टू एबी प्लस बी स्क्वेअर." थोरलीला पेठ-सुरगाण्यापासून येवला-नांदगावपर्यंत पंधराच्या पंधरा तालुके तोंडपाठ झाले होते, जे तिसरीत असताना काही केल्या झाले नव्हते. मधल्याने धाकटीच्या पुस्तकातला हत्ती रंगवून पूर्ण केला होता. ज्याचा अभ्यास त्याला सोडून बाकी सगळ्यांना आला होता.

मंगळवार एका आकड्याने खाल्ला. मधल्याने विचारलं, "एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन?" सेमी इंग्रजीच्या घराघरात हा प्रश्न विचारला जातो आणि घराघरातला बाप उत्तराआधी मनातल्या मनात साठपासून मोजत येतो. मीही आलो. "सोपं आहे," म्हटलं, "सत्तराला एक उणा, म्हणून एकोणसत्तर."

"उणा म्हणजे?"

"कमी."

"मग एकोणनव्वद म्हणजे एटी नाइन?"

"शाब्बास!"

"आणि नाइन्टी नाइन म्हणजे एकोणशंभर?"

"नाही. नव्याण्णव."

"का?"

आता का, ते मला काय माहीत! एरवी एकोणीसपासून सगळे नीट रांगेत चालले होते, शेवटचाच फुटला. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा मी कंपनीबाहेरच्या टपरीवर मराठीच्या ऱ्हासावर पाऊण तास बोललो होतो. तीन जणांचा चहा गार केला होता. मंगळवारी दुपारी साडेबारापर्यंत मी 'साठ नऊ'वर सही करायला तयार होतो.

बुधवारी समोरच्या वहिनी त्यांच्या पाचवीतल्या मुलाला घेऊन आल्या. "क्लास सुरू केलाय म्हणे भाऊजी? यालाही बसवा, घरात फार पसारा करतो." पट चारवर गेला. उत्साहात मी इतिहास काढला. तारीख २१ डिसेंबर १९०९, आपल्याच नाशकातलं विजयानंद थिएटर, नाटक बघायला आलेला कलेक्टर जॅक्सन, पिस्तूल घेऊन थांबलेले अनंत कान्हेरे. माझा आवाज मलाच आवडायला लागला होता. गोळ्या झाडून झाल्यावर मी नाट्यपूर्ण थांबलो. मधल्याने बोट वर केलं.

"मग नाटक झालं का?"

समोरच्या मुलाने पुरवणी जोडली, "तिकिटाचे पैसे परत दिले का?"

थोरली म्हणाली, "हे परीक्षेला आहे का?"

समोरचा मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. आमच्याकडे पसारा करायला जागा कमी होती म्हणे.

गुरुवारी पावसाने असा जोर धरला की गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली आणि मी क्षेत्रभेट जाहीर केली. पूर बघायला जायला नाशिककराला एरवी अशी सबब लागत नाही. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो, आमच्याकडे पूर फुटात किंवा मीटरमध्ये मोजत नाहीत, मारुतीत मोजतात. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर भांडी बाजारातला दुकानदार माल माळ्यावर टाकायचा की नाही ते ठरवतो. फोनवर पहिला प्रश्नही तोच, "मारुती कुठवर?"

गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, खाली जायला पोलीस सोडत नव्हते, म्हणून होळकर पुलावर थांबलो. अर्धं नाशिक आधीच आलेलं, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि तिसरा हात असता तर त्यात मक्याचं कणीस. पाणी मारुतीच्या कमरेच्या वर होतं. मी तिथेच थोरलीला गणित घातलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. समजा धरणातून ५,००० क्युसेक सोडलं, तर आपल्या सोसायटीची २०,००० लिटरची टाकी किती वेळात भरेल? तिने मोबाइल न काढता (हे मी बायकोला तीनदा सांगितलं) हिशोब केला. सेकंदाला जवळजवळ एक लाख चाळीस हजार लिटर, म्हणजे टाकी भरायला सेकंदाचा सातवा भाग. मला भरून आलं. या आठवड्यातलं हे पहिलं गणित, जे ज्याचं त्याला आलं.

"मग आपल्या नळाला पाऊण तासच पाणी का येतं?" मधल्याने विचारलं.

"तो नागरिकशास्त्राचा विषय आहे," मी म्हटलं.

धाकटी माझ्या खांद्यावर बसून मघापासून मारुतीकडेच बघत होती. "त्याला दोन तोंडं कशाला?"

"एक पूर बघायला आणि दुसरं पूर बघायला आलेल्यांना बघायला," मी मोठ्या विनोदाने म्हणालो.

ती हसली नाही. गंभीरपणे विचार करून म्हणाली, "पप्पा, तुम्हालापण पाहिजे होतं. मग फळ्यावर लिहिताना आम्ही पळालेलो दिसलो असतो."

शेजारचे छत्रीवाले काका मात्र पोट धरून हसले.

पावसात भिजून शुक्रवारी माझा घसा बसला. आई म्हणाली, "पड तू, मी बघते." मी दाराआडून पाहत होतो. तिने काहीच केलं नाही. पाटावर बसली, पुढ्यात गवारीची टोपली. थोरलीला म्हणाली, "ते धरणाचं गणित मला नाही गं कळलं. याला समजावून सांग, मी ऐकते." मधल्याला म्हणाली, "आणि तू हिला शंभरपर्यंत म्हणून दाखव. तू चुकलास की ती टाळी वाजवेल." धाकटी शेंगांच्या दहा-दहाच्या जुड्या लावत बसली, एक डोळा भावाच्या चुकीवर ठेवून. पाऊण तास कोणी शूलासुद्धा गेलं नाही. एकोणसत्तरला एकदा टाळी वाजली, तेवढीच. वर भाजीही निवडून झाली.

"तिकडे असंच शिकवायचीस?" मी खरखरत्या आवाजात विचारलं.

"मी कुठे शिकवायचे? चौथीची पोरं पहिलीला शिकवायची. मला खिचडीचे तांदूळ मोजायचे असायचे, मतदारयाद्या करायच्या असायच्या, पोलिओला फिरायचं असायचं. मी नुसती त्यांच्याकडे तोंड करून बसायचे."

शनिवारी शाळेचा निरोप आला. स्लॅब झाला, सोमवारी नियमित वर्ग. पालकांच्या ग्रुपवर फटाक्यांची एवढी चित्रं लोकांनी दिवाळीलाही टाकली नव्हती. माझ्या तिघांनीही आनंदाचा जो आवाज काढला, तो मी मनाला लावून घ्यायचा नाही असं ठरवलंय.

संध्याकाळी आईने जुन्या वहीची पानं पट्टीने आखून प्रगतीपत्रकं केली. पोरांची तीन आणि एक माझं. पोरं तिघंही वरच्या वर्गात गेली. माझ्या पानावर तिच्या त्या गोलसर, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: हजेरी पूर्ण. आवाज मोठा. गणित बरे, संख्यावाचन कच्चे. वर्गाकडे पाठ करण्याची सवय आहे, घरी लक्ष द्यावे.

खाली दोन रकाने होते. 'वर्गशिक्षकांची सही' आणि 'पालकांची सही'. दोन्हीकडे तिचीच सही होती.