डॉक्टर कितव्या दिवशी बदलावा

ताप आला की पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा, पण त्याच्याकडे चिकटून राहू नये. पहिल्या दिवशीच्या डॉक्टरच्या हाताला गुण नसतो, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव. दुसऱ्याच्याही फारसा नसतो. खरा हातगुण पाचव्या दिवशीच्या डॉक्टरचा. व्हायरल ताप बहुधा तोवर आपला आपणच उतरतो, असे फाटे फोडणारे लोक भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, आजारपणात त्रागा वाईट.

खोकल्याचं गणित वेगळं. तो सरासरी 18 दिवस रेंगाळतो आणि आपण आठवडाभरातच वैतागतो. म्हणून खोकल्याचा डॉक्टर पंधराव्या दिवशी बदलावा. कंबर साधी धरली असेल तर चौथ्या आठवड्यात. ही तिथी साधली की नवा डॉक्टर धन्वंतरी ठरतो आणि जुन्याला आयुष्यभर नावं ठेवता येतात.

जुना कसा असतो ते सांगतो. आमच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर. गेलो तर आधी पाच मिनिटं नुसतं बसवून ठेवलं, जिना चढून आल्या आल्या बीपी बघत नाहीत म्हणे. शर्टाची बाही वर करायला लावली. घशात बॅटरी मारली, घड्याळ लावून श्वास मोजले, पुरळ आहे का, लघवी होते का, घरात आणखी कुणी आजारी आहे का, सगळ्या चौकशा केल्या. आणि एवढ्या उलाढालीनंतर केसपेपरवर लिहिलं काय? पॅरासिटामॉल. मी विचारलं, "अँटिबायोटिक?" म्हणाले, "सध्या गरज वाटत नाही." "वाटत नाही म्हणजे काय? नक्की झालंय काय मला?" तर म्हणे, "व्हायरल वाटतंय, पण आज नक्की सांगता येणार नाही. दोन दिवसांनी या, मधे दम लागला किंवा उलट्या थांबेनात तर लगेच या." आता सांगा, ज्याला नक्की सांगता येत नाही तो डॉक्टर कसला? नक्की तर आमचा रिक्षावालासुद्धा सांगतो.

नक्की सांगणारा हवा असेल तर दुसरीकडे जा आणि दारातूनच म्हणा, "अशक्तपणा फार आलाय." सलाईन लागलंच समजा. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे 100 कॅलरी, एका केळ्याएवढी ताकद. पण केळं दोन मिनिटांत संपतं आणि ते खाताना बघायला कुणी येत नाही. सलाईन दोन तास टिपटिपतं, उशाशी मेव्हणा बसतो, शहाळं येतं, ऑफिसात फोटो जातो. 1971 साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपातून पाजला. जिथं शंभरातले वीस-तीस दगावत होते तिथं चारसुद्धा दगावेनात. छान झालं. पण पेल्यातून पिऊन बरं झालो, हे सोसायटीत सांगायचं कोणत्या तोंडाने?

तिसऱ्या दिवशी विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. ही तपासणी 1896 सालची, म्हणजे परंपरा आहे. ती ज्या अँटिबॉडी शोधते त्या अंगात तयार व्हायलाच आठवडाभर लागतो, आणि आपल्याकडे कित्येकांच्या रक्तात त्या जुन्या संसर्गाच्या सापडतात. म्हणूनच तर ती इतकी उपयोगी. थोडंसं काही आलं की डॉक्टर म्हणतात, "टायफॉइडची सुरुवात आहे." कोणत्याही पुस्तकात नसलेला हा आजार आमच्या बिल्डिंगमध्ये एकूण एकाला होऊन गेलाय. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं, मात्र टाळा. त्याला दिवस लागतात आणि शेवटी काहीच उगवलं नाही असं कळलं तर एवढी महागडी गोळी चालू केल्याचा सगळा आनंदच जातो.

बरे झालात की फुल बॉडी पॅकेज. लॅबवाले 'नॉर्मल' ठरवतात तेच मुळी निरोगी माणसांतले पंचाण्णव टक्के बसतील असं, म्हणजे प्रत्येक तपासणीत विसातला एक धडधाकट माणूस बाहेर राहणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्यात तर निदान एक आकडा ठळक अक्षरात येण्याची शक्यता 64 टक्के. पॅकेजात साठ-सत्तर असतात. त्यातून निरोगी सुटणं अवघड आहे, निश्चिंत राहा.

कोपऱ्यावरच्यांचा कारभार किती उलटा, त्याचा कळस मागच्या पावसाळ्यात झाला. शेजारच्या मुलाला डेंग्यू. ताप 103 होता तेव्हा यांनी घरी ठेवला, पाणी पाजा म्हणाले, अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्या बंद करायला लावल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला, पोरगं उठून बसलं, आम्ही पेढे आणायच्या बेतात. तर हे म्हणतात, डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जपायचे, आत्ता घेऊन या. पोट दाबून पाहिलं, उलट्या किती झाल्या विचारलं, नुसत्या प्लेटलेटवर न जाता हिमॅटोक्रिट वाढलंय, म्हणजे रक्त दाट होतंय म्हणाले आणि त्याच तासाला ॲडमिट करायला पाठवलं. ताप असताना घरी आणि ताप गेल्यावर दवाखान्यात! चार दिवसांनी मुलगा हिंडूफिरू लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पपईच्या पानांचा रस वेळेवर दिला म्हणून बरं.

मला स्वतःला रविवारपासून कणकण आहे. आज चौथा दिवस, उद्याची नव्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलीय. मघाशी कोपऱ्यावरच्यांचा फोन येऊन गेला, ताप उतरला का, लघवी नीट होतेय ना, जेवण जातंय का. गिऱ्हाईक नसलं की माणसाला असे फोन सुचतात.