मामा, तुमचं डोमेन कोणी पळवत नाहीये

भांडी बाजारातल्या आमच्या मामांनी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आलेलं एक फॉरवर्ड वाचलं, खालच्या नंबरवर फोन केला आणि 'डोमेन संरक्षण शुल्क' (डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव) भरून मोकळे झाले. मेसेज असा: इंटरनेटची धोरणं अमेरिकेतली आयकॅन (वेबसाइटच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) ठरवते, तिथल्या सगळ्या खुर्च्या मोठ्या कंपन्यांकडे, भारताला जागा नाही, आणि आता या कंपन्या छोट्या दुकानदारांच्या वेबसाइटची नावं काढून घेणार. तर आजच नाव 'लॉक' करा. काल तेच फॉरवर्ड सिडकोतल्या आत्याकडून आलं. आत्याची वेबसाइटसुद्धा नाही!

"नावं काढून घेणार." पैसे याच वाक्याने काढले, म्हणून आधी हे. मामांची साइट डॉट इन आहे. डॉट इन आयकॅनच्या कंपन्या नाही, आपल्याकडची निक्सी ही ना-नफा संस्था चालवते. कोणाला ते नाव हवं असेल तर निक्सीकडे रीतसर तक्रार करावी लागते. नाव आपल्या ट्रेडमार्कशी घोळ होण्याइतकं जुळतं, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याचा हेतू वाईट आहे, या तिन्ही गोष्टी लवादासमोर सिद्ध कराव्या लागतात. दुकानदाराला उत्तर द्यायची संधी असते. मामांचं दुकान आडनावावर, डोमेनही आडनावावर. कोण कशाला येतंय भांडायला? आणि ते 'लॉक' म्हणजे डोमेन परस्पर दुसरीकडे हलू नये म्हणून असलेलं बटण, बहुतेक ठिकाणी फुकट. खरी भीती निराळीच आहे. वेबसाइट बनवणारा पोरगा डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतो, नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते, आणि तो फोन उचलत नाही. ते तपासा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच कळवा.

"सगळ्या खुर्च्या कंपन्यांच्या." नाहीत. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या नावांचं धोरण आयकॅनची जी परिषद ठरवते, तिच्यात व्यापारी गटाला 6 जागा आहेत: उद्योग, ट्रेडमार्कवाले आणि इंटरनेट सेवा देणारे, प्रत्येकी 2. बिगर-व्यापारी गटालाही 6. पण इथे मेसेजवाल्याला चार आणे द्यावे लागतील. डोमेनचा धंदा करणाऱ्यांना वेगळ्या 6 जागा आहेत, म्हणजे पैशाशी थेट संबंध असलेले 12 झाले. उरलेले 3 नामनिर्देशन समितीचे. शिवाय कंपनीचा माणूस पगारावर बैठकीला येतो, संस्थेचा कार्यकर्ता रजा टाकून. आणि आयकॅन लोकांचं ऐकतेच असंही नाही. 2019 च्या जूनमध्ये तिने डॉट ऑर्गच्या (सेवाभावी संस्था बहुतेक हेच नाव घेतात) दरवाढीवरची मर्यादा उठवली, तीही तीन हजारांहून जास्त प्रतिक्रिया आलेल्या असताना, आणि त्यातल्या बहुतेक विरोधात होत्या. त्याच नोव्हेंबरमध्ये डॉट ऑर्ग चालवणारी संस्था इथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला 113.5 कोटी डॉलरला विकायचं ठरलं. सेवाभावी संस्था जगभर ओरडल्या, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलने विरोधाचं पत्र लिहिलं आणि 30 एप्रिल 2020 ला आयकॅनच्या संचालक मंडळाने परवानगी नाकारली. सगळ्या खुर्च्या कंपन्यांच्या असत्या तर हा सौदा अडलाच नसता. अर्थात पत्र आलं नसतं तर काय झालं असतं, याची मला खात्री देता येणार नाही.

"भारताला जागा नाही." आयकॅनला सल्ला देणारी सरकारांची एक समिती आहे, तिच्यात भारत आहे, आणि 2016 च्या नोव्हेंबरमध्ये आयकॅनची बैठक हैदराबादला भरली होती. संचालक मंडळात भारत सरकारला मत नाही हे खरं, पण ते अमेरिकेच्या सरकारलाही नाही.