साडेचार तासांचं अंतर

आमच्या मावसभावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कामाच्या तासांचा वाद अजून धुमसतोय. ऑक्टोबर 2023मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना देशासाठी आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. जानेवारी 2025मध्ये लार्सन अँड टुब्रोचे एस. एन. सुब्रह्मण्यन 90 वर गेले (बायकोकडे किती वेळ बघत बसणार, हा त्यांचा सवाल ग्रुपवरच्या बायकांनी अजून माफ केलेला नाही). मग त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर न्यायला मंजुरी दिली. दर वेळी भांडण शेवटी माझ्याकडे येतं. ‘‘तू जर्मनीत आहेस ना, तूच सांग.’’

मूर्तींनी दाखला जर्मनीचाही दिला होता. युद्धानंतर ही माणसं राबली, हे खरंच. पण 1956च्या कामगारदिनी इथल्या संघटनांनी ‘शनिवारी बाबा माझे’ असं लहान मुलाच्या तोंडी घालून पोस्टरं लावली. 1967मध्ये धातुउद्योगात 40 तासांचा आठवडा आला, 1995मध्ये 35 तासांचा. ती बाजू कोणी सांगत नाही.

मी स्टुटगार्टजवळ गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे लोकांना जादा वेळ थांबवायचं तर कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या मंडळाची, ‘बेट्रीब्सराट’ची, संमती लागते. साहेबाला वाटलं म्हणून चालत नाही. हे ग्रुपवर लिहिलं की टाळ्यांचे इमोजी पडतात.

जे लिहीत नाही, ते असं. माझ्या टीममधले सहा जण हिंजवडीत आहेत. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ साडेचार तास पुढे असतं, म्हणजे माझी पाचची मीटिंग त्यांची रात्री साडेनऊची. एकाच्या मागे कुकरची शिट्टी व्हायची आणि तो घाईघाईनं माइक बंद करायचा. जेवलास का, हे मी कधी विचारलं नाही. बेट्रीब्सराटचा हात हिंजवडीपर्यंत पोचत नाही. इथे सहाला लॅपटॉप मिटणारा मी, तिथे सत्तरवाला साहेबच होतो.

गेल्या हिवाळ्यात रिलीजच्या तीन दिवस आधी कळलं, की एक टेस्ट पंधरवडाभर फेल होतेय. कुकरवाल्याला ते पहिल्यापासून माहीत होतं. रात्री जागून एकटाच निस्तरत बसला होता. का सांगितलं नाहीस, विचारलं तर म्हणाला, ‘‘सर, तारीख तुम्ही वर कळवून टाकली होती ना.’’

त्याच्या त्या रात्री कुठल्याच टाइमशीटवर नाहीत. देशासाठी वगैरे तो जागला नव्हता. ‘जमणार नाही’ म्हणायची सोय नव्हती, म्हणून जागला.

आपल्याकडचंच हे दुखणं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण जर्मनीतल्याच फोक्सवागनचं उदाहरण आहे. 2015मध्ये उघड झालं, की चाचणीच्या वेळेपुरतं प्रदूषण कमी दाखवणारं सॉफ्टवेअर जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत होतं. अमेरिकेच्या मर्यादेत बसणारं इंजिन दिलेल्या वेळात आणि पैशांत जमेना, तिथून हे सुरू झालं, असं पुढे कंपनीनंच सांगितलं. त्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात निम्मे प्रतिनिधी कामगारांचे आहेत. एवढं असूनही ‘जमत नाही’ हे वेळेवर वरपर्यंत गेलं नाही. त्यामुळे कायदा आणा, संस्कृती आपोआप सुधारेल, हे भावंडांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. कायदा हवाच, माझे सहा जण त्याच्या कुंपणाबाहेर आहेत म्हणून तर त्यांचं जेवण निवत होतं.

मी मीटिंग माझ्या सकाळी साडेनऊला आणली, म्हणजे त्यांच्या दुपारी दोनला. इथले दोघे सहकारी कुरकुरले, सकाळचं शांत काम मोडतं म्हणून. सुरुवात ‘काय अडलंय’पासून करायची ठरवली आणि आधी माझी चूक सांगितली: त्यांना न विचारता तारीख दिल्याची. पहिले दोन आठवडे हिंजवडीहून फक्त पंख्याचा आवाज आला. तिसऱ्या आठवड्यात कुकरवाला बोलला, बराच बोलला.

‘सर’ म्हणू नकोस, असंही त्याला सांगून झालंय. आता मला एकट्याला मेल लिहिताना तो नावानं लिहितो. त्याचे पुण्यातले मॅनेजर सीसीत असले, की पुन्हा ‘रिस्पेक्टेड सर’.