कातरीन रिबेरो आणि ‘पे’: आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

फ्रेंच गायिका कातरीन रिबेरो आणि तिच्या ‘पे’ या तबकडीबद्दल ‘बाई गेल्या म्हणून बावन्न वर्षं जुनी तबकडी एकदम थोर झाली का? पंचवीस मिनिटं तीच चाल आणि वर किंचाळणं, याला लोकसंगीत कोण म्हणतं?’ असं तुम्ही विचारलंय. प्रश्न तिखट आहे, पण रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मृत्युलेखांच्या लाटेबद्दल तुमचा वैताग समजतो. पण इथे लाट होती कुठे? कातरीन रिबेरो २३ ऑगस्ट २०२४ ला गेली. त्याआधी पाचच दिवस प्रसिद्ध नट अलाँ देलाँ गेला होता आणि फ्रेंच वर्तमानपत्रांची पानं त्यानेच भरली होती. जूनमध्ये गायिका फ्राँस्वाझ हार्दी गेली, तेव्हा जगभर लिहिलं गेलं. गंमत म्हणजे हार्दी आणि रिबेरो या दोघी एकाच छायाचित्रात आहेत. १९६६ साली झाँ-मारी पेरिएने ‘साल्यू ले कोपँ’ मासिकासाठी त्या काळच्या तरुण गायक-गायिकांना एकत्र उभं करून काढलेला तो प्रसिद्ध फोटो. रिबेरो तेव्हा बार्कले या रेकॉर्ड कंपनीसाठी चारचौघींसारखी गाणी म्हणत होती. तीच वाट धरली असती तर कदाचित तिच्यावरही पानंच्या पानं आली असती.

तिने ती वाट सोडली. दिग्दर्शक गोदारच्या ‘ले काराबिनिए’ या चित्रपटात (१९६३) काम करताना तिला पात्रीस मूले भेटला होता. हा गडी स्वतःची वाद्यं स्वतः बनवणारा. कॉस्मोफोन हे त्याचं विजेवर चालणारं बहुतारी वाद्य, आणि पर्क्युफोन हे यांत्रिक ठेका देणारं. दोघांच्या वाद्यवृंदाचं नाव ‘आल्प’. ‘पे’, म्हणजे शांती, ही त्यांची १९७२ ची तबकडी. ती फिलिप्ससारख्या बड्या कंपनीने काढली होती, त्यामुळे ‘दडपलेली कलाकृती’ वगैरे मी म्हणणार नाही. चारच गाणी: दोन तीन-तीन मिनिटांची, तिसरं सुमारे सोळा मिनिटांचं, आणि अख्खी दुसरी बाजू व्यापणारं चौथं, जवळजवळ पंचवीस मिनिटांचं. असलं गाणं रेडिओवर लावणार कोण?

आता किंचाळण्याबद्दल. शीर्षकगीतात कितीतरी वेळ फक्त ऑर्गन आणि तो यंत्राचा ठेका चालू राहतो. मग ती येते आणि एकेकासाठी शांती मागायला लागते: आजारी मनांसाठी, फुटलेल्या काळजांसाठी, थकल्या अवयवांसाठी. सगळं स्पष्ट दिसतं म्हणून ओरडणारेही त्या यादीत आहेत. म्हणजे तुम्हाला खटकलेला आवाज तिच्या हातून सुटलेला नाही. तो कोणाचा आहे ते तिने गाण्यातच सांगून ठेवलंय. शिवाय तो लगेच फुटत नाही. आधी ती जवळजवळ बोलते, शब्द सुटे सुटे ठेवते. ‘अँ जूर... ला मोर’ (एक दिवस... मृत्यू) या चौथ्या, लांब गाण्यात तर मृत्यू ही तिला घरी बोलावणारी एक बाईच आहे. १९६८ साली रिबेरोने स्वतः जीव द्यायचा प्रयत्न केला होता, हे ठाऊक असलं की ते आमंत्रण ऐकताना अंगावर येतं. ठाऊक नसलं तरी गाणं अडत नाही, कारण शेवटाकडे शब्द संपतात आणि नुसता गळा उरतो. फ्रेंच येत नसलं तरी तिथवर पोचता येतं.

‘आमच्या आलापीत निदान राग उलगडतो,’ असं तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे, इथे काहीच उलगडत नाही. उलगडायचंच नाहीये. ठेका जागचा हलत नाही आणि आवाजाला त्याच्यापासून सुटायचं असतं. सगळा ताण त्यातून येतो. हेच गाणं दहा मिनिटांत आटोपलं असतं तर ऐकणाऱ्याला तो अडकलेपणा जाणवलाच नसता. (पहिलं ‘रॉक आल्पँ’ मात्र मलाही सामान्य वाटतं. ते गाळून ऐकलंत तरी चालेल.)

लोकसंगीताच्या बाबतीत तुमचं निम्मं खरं आहे. ‘पे’मध्ये ते शोधावं लागतं. १९७० च्या तबकडीत ते उघड दिसतं: रुमानियन नाचाचं नाव घेतलेलं ‘सिर्बा’ आणि पोर्तुगीज नावाचं ‘बालादा दास आग्वास’. ती ल्योंमध्ये पोर्तुगीज स्थलांतरित कुटुंबात जन्मली होती, तेव्हा पोर्तुगीज काही तिने हौसेने उचललेलं नव्हतं. २०१८ साली अँथॉलॉजी रेकॉर्डिंग्ज या कंपनीने १९७० ची ती तबकडी, तिचीच ‘आम दबू’ आणि ‘पे’ अशा तिन्ही तबकड्या पुन्हा काढल्या, ती हयात असताना. म्हणजे तिच्या मरणाची वाट न बघता ऐकणारेही होते.

पुन्हा ऐकणार असाल तर १९७० पासून सुरू करा, मग ‘पे’कडे या. तरीही नकोच वाटलं तर १९७७ साली तिने जुन्या फ्रेंच गायिका एदित पियाफची गाणी गायली आहेत, ती तुम्हाला नक्की आवडतील. मला ती तितकीशी आवडत नाहीत.