काका, शीर समाजशास्त्रामुळे चुकली नाही

कोपरखैरण्याच्या काका, मी नर्सिंग शिकवते; नर्सिंगच्या डिग्रीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला, म्हणून दोन दिवस थांबून लिहितेय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: काकूंना जुलाबांनी थकवा आला म्हणून एका खासगी रुग्णालयात ठेवलं होतं. बीएस्सी नर्सिंग झालेल्या नव्या सिस्टरने चार वेळा टोचलं, शीर मिळेना. शेवटी वरच्या मजल्यावरची जुनी जीएनएम (म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) सिस्टर आली आणि तिनं पहिल्याच फटक्यात इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची नळी, लावलं. काका विचारतात, चार वर्षं मुलींना समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी शिकवता, मग हात कधी तयार करता? डिग्रीचं हे नवं खूळ कशाला?

नवं नाही हो. आपल्याकडे नर्सिंगची डिग्री दिल्ली आणि वेल्लोरला १९४६ सालीच सुरू झाली.

आता तास मोजू. नर्सिंगचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये लागू केलेल्या सेमिस्टरच्या अभ्यासक्रमात समाजशास्त्राला ६० तास आहेत, मानसशास्त्रालाही तेवढेच. नर्सिंग फाउंडेशन, म्हणजे रुग्णसेवेचा पाया शिकवणाऱ्या एकाच विषयाला पहिल्या वर्षी लॅबचे २०० आणि वॉर्डचे ४८० तास. शेवटचं सेमिस्टर म्हणजे निव्वळ इंटर्नशिप: २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. तेव्हा ते साठ तास काढून टाकले तरी तुमच्या काकूंचा हात वाचला नसता.

मग घोडं पेंड कुठे खातं? इथे मात्र तुमचं बरोबर आहे, आणि मूळ लेखात मी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

नियम म्हणतो, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण. म्हणजे तीस खाटांच्या वॉर्डात दहा मुली. ठाणे-नवी मुंबईच्या ज्या वॉर्डांत मी मुली घेऊन गेले, तिथे एकाच सकाळी तीन-तीन कॉलेजांचे युनिफॉर्म पाहिलेत. एका बीपीच्या मशीनभोवती पाच जणी. सलाईन लावायची वेळ आली की इन्चार्ज सिस्टर म्हणते, "बाजूला व्हा गं, राउंड यायचाय." तिचीही चूक नाही, तिला अख्खा वॉर्ड सांभाळायचा असतो. मुली बघतात, वहीत लिहितात, आणि लॉगबुकात "केलं" अशी नोंद होते. डिग्री मिळण्याआधी वॉर्डचे तास शंभर टक्के भरलेच पाहिजेत, म्हणून ते भरतात. कागदावर. अशा पानांवर मीही सह्या केल्यात, काका. एकदा नाही.

लॅबमधला डमी हात मोठा गुणी असतो. त्याची रबराची शीर हलत नाही. जुलाबांनी सुकलेल्या सत्तरीच्या बाईची शीर बोटाखालून पळते, आणि कातडी खालच्या बाजूला ताणून धरल्याशिवाय हाती लागत नाही. हे कळायला तशाच हाताजवळ बसावं लागतं, शेजारी कुणी न ओरडणारी सीनिअर असावी लागते. त्या जुन्या सिस्टरला हे जीएनएमने दिलं नाही, वीस वर्षांच्या नाइट ड्युट्यांनी दिलं. आणि त्या पोरीचा खरा दोष शीर न सापडण्याचा नाहीच. दोनदा जमलं नाही की सुई खाली ठेवून दुसरीला हाक मारायची, हे आम्ही शिकवतो. ती तिसऱ्यांदा का टोचत राहिली? बहुतेक हाक मारायची भीती वाटली असेल. तिच्यासोबत त्या रात्री कोण होतं, ते विचारा.

समाजशास्त्राबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या पोस्टिंगला (शिकताना वॉर्डात काम करतात ते) मुरबाडकडची बाळंतीण होती. चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, काढून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, असं घरून ठरून आलेलं. स्टाफने तिला तीनदा समजावलं, ती नुसती मान हलवायची. ही पोर बाळंतिणीशी बोललीच नाही. बाहेर बाकावर बसलेल्या सासूजवळ जाऊन बसली, तिच्या बाळंतपणांच्या गोष्टी ऐकल्या आणि मग चिकाचं बोलली. संध्याकाळी बाळ अंगावर पीत होतं. घरात शब्द कुणाचा चालतो हे आधी बघायचं, हे ती त्या साठ तासांत शिकली होती. (परीक्षेत तिला त्या विषयात जेमतेम मार्क होते, ते सोडा.)

जाता जाता तुम्ही नातीच्या प्रवेशाचं विचारलंत. इतक्या रागातही विचारलंत, बरं वाटलं. कॉलेजची इमारत आणि स्किल लॅब बघून भुलू नका. मुलींचं पोस्टिंग कोणत्या रुग्णालयात असतं ते विचारा, आणि एका सकाळी आठला तिथे जाऊन उभे राहा. किती कॉलेजांच्या मुली येतात ते मोजा. ट्यूटर मुलींसोबत वॉर्डात असते की सोडून निघून जाते, ते बघा. जमलं तर तिसऱ्या वर्षाच्या एखादीला बाजूला घेऊन विचारा, "बाळ, स्वतःच्या हाताने किती सलाईन लावलीस?" ती किती पटकन उत्तर देते त्यावरून कळेल तुम्हाला.

काकूंच्या हाताची सूज उतरली का, ते कळवा.